वादळापूर्वीचे स्थलांतर : वर्गात घ्यावयाचा एक पाठ

किनाऱ्यावरील शाळांत चक्रीवादळाचा पाठ बहुधा वादळाच्या कारणांपाशी संपतो. हवेचा दाब कमी का होतो हे मुले सांगतात. घर केव्हा सोडावे हे मात्र त्यांना सांगता येत नाही. वस्तुतः हा प्रश्न भूगोलाइतकाच अंकगणिताचा आहे.

उदाहरणादाखल ‘निसर्ग’ वादळ घ्यावे. १ जून २०२० रोजी अरबी समुद्रात त्याची सुरुवात झाली. २ जूनच्या दुपारी त्याला चक्रीवादळाचे रूप आले आणि ३ जूनच्या दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. रायगड जिल्ह्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरील पत्रे उडाले, झाडे पडून रस्ते अडले. चक्रीवादळ झाल्यापासून हाती एकच दिवस होता, आणि त्यातली एक रात्र.

आता फळ्यावर उलटी मोजणी मांडावी. समजा, वादळ बुधवारी दुपारी १२ वाजता येणार आहे. वारा सहा तास आधी जोर धरील, असे मानू. म्हणजे सकाळी ६ नंतर बाहेर पडणे नाही. अंधारात साकव ओलांडावयाचा नाही. तेव्हा मंगळवारी सायंकाळी ७ च्या आत सर्वांनी निवाऱ्यात पोहोचले पाहिजे. धडधाकट माणूस दोन किलोमीटर अर्ध्या तासात चालेल. परंतु वृद्ध व आजारी यांच्यासाठी एका गाडीच्या तीन फेऱ्या लागतील, प्रत्येकी एक तासाची. गुरांची दावी सोडणे, कागदपत्रे बांधणे यांस आणखी एक तास धरावा. उत्तर येते मंगळवारी दुपारी ३. त्या वेळी कदाचित स्वच्छ ऊन असेल. माणसे हलत नाहीत ती याच कारणाने.

वेळेवर हलल्याने काय साधते, हे ओडिशाच्या किनाऱ्यावर दिसले. १९९९ च्या ऑक्टोबरातील महावादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१३ मध्ये ‘फायलिन’ येण्यापूर्वी लाखो लोकांना हलविले गेले. मृतांची संख्या शंभराच्याही आत राहिली.

मुलांकडून घरोघरची यादी करवून घ्यावी: माणसे किती, न चालू शकणारे कोण, गरोदर स्त्री आहे काय, गुरे किती. गुरांपायी आणि घराच्या राखणीसाठी मागे राहणारे प्रत्येक वाडीत असतात. त्यांची नावे शिक्षकास बहुधा ठाऊकच असतात. यादीची एक प्रत ग्रामपंचायतीत द्यावी.

निवारा म्हणून शाळेकडेच बोट दाखविले जाते. पण छप्पर कौलारू वा पत्र्याचे असेल, अथवा इमारत खाडीलगत सखल जागी असेल, तर शिक्षकांनी तसे आधीच लेखी कळवावे. भरतीच्या वेळी वादळ आले तर पाणी नेहमीच्या रेषेपलीकडे चढते.

आणखी एक गोष्ट मुलांकडून वदवून घ्यावी. वादळाचा मध्य डोक्यावरून जाताना वारा एकाएकी पडतो. लोक घर पाहावयास निघतात, आणि थोड्याच वेळात वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो. अधिकृत सूचना मिळेपर्यंत निवाऱ्याचे दार उघडू नये.