खाडीचे संथ पाणी

कान्हेरीच्या लेण्यांतील ब्राह्मी शिलालेख विद्यार्थ्यांना दाखविताना आम्ही दानकर्त्यांच्या गावांपाशी थांबतो. कल्याण आणि सोपारा ही नावे तेथे कोरलेली आहेत. दोन्ही खाडीकाठची प्राचीन बंदरे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उत्खनित केला. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही त्याच गावी मिळाला. खुल्या समुद्रापासून आडोसा देणाऱ्या संथ पाण्यात गलबते विसावत, व्यापार चाले आणि त्या धनातून लेणी घडत.

त्याच संथपणात खाडीचे दुबळेपणही आहे. ठाण्याची खाडी पाहावी. तिला मोठी नदी मिळत नाही. कल्याणवरून येणाऱ्या उल्हास नदीशी तिचा दुवा अगदी अरुंद आहे. त्यामुळे वरच्या निमुळत्या टोकाला पडणारे मैलापाणी आणि कारखान्यांचे सांडपाणी ओहोटीबरोबर थोडे खाली सरकते आणि भरतीबरोबर पुष्कळसे परत येते. दिवसातून दोनदा हेच. समुद्र सारे पोटात घेतो, हा समज खाडीपुरता तरी खोटा आहे.

पहिला घाव तिवरांवर बसतो. खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून तिवराची श्वसनमुळे पेन्सिलींप्रमाणे वर येतात. त्यांना प्लास्टिकच्या पिशव्यांनी वेढले किंवा त्यांवर भराव पडला, की झाड उभ्या उभ्या गुदमरते. मग त्याच्या आसऱ्याने वाढणारी कोळंबी, बोयांची पिल्ले, चिंबोऱ्या नाहीशा होतात आणि कोळी बांधवांच्या जाळ्यात मासळीऐवजी कचरा येतो. प्रतीत्यसमुत्पाद शिकविताना आम्ही अलीकडे हेच उदाहरण घेतो. फळ्यावरील बारा निदानांपेक्षा ते मुलांना लवकर उमजते.

कायदा नाही असे नाही. २०१५ साली खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीवर कडक बंदी घातली, २०२२ साली खाडीला रामसर दर्जा लाभला. तरीही राडारोड्याचे भराव पडतच असतात. आणि वंदनेची कोमेजलेली फुले पिशवीसकट पुलावरून खाली सोडणारा हात कधी कधी आपल्याच घरातील असतो, हेही लिहिणे आम्हांस भाग आहे.

गेल्या अभ्याससहलीत ओहोटीच्या वेळी मुलांनी काठावरच्या एका तिवराच्या मुळांतील पिशव्या सोडविल्या. मुळे मोडू नयेत म्हणून एकेक पिशवी हळूहळू उकलावी लागली. पाणी चढू लागेपर्यंत दुसरे झाड हाती घेता आले नाही.