संगणकाच्या आरंभकाळातील राखीव स्मृती

'राखणे' या मराठी क्रियापदाचे दोन अर्थ रूढ आहेत. एखादी वस्तू वेगळी काढून ठेवणे हा एक, आणि तिच्यावर पहारा करणे हा दुसरा. शेत राखणारा माणूस पाखरे हाकलतो; उशिरा येणाऱ्या पाहुण्यासाठी भाकरी राखून ठेवणारी गृहिणी मात्र तिच्यापाशी बसून राहत नाही, ती कोणी खाऊ नये एवढे घरात सांगून ठेवते. संगणकाच्या संदर्भात आपण 'राखीव स्मृती' असे म्हणतो तेव्हा यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत असतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रश्न केवळ शब्दाचा नाही. येथे गैरसमज झाला तर कोणाचा तरी जपून ठेवलेला मजकूर नकळत बिघडू शकतो.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. संगणक सुरू होतो त्या क्षणी त्याच्या रॅम या कार्यकारी स्मृतीत उपयोगाचे काहीच नसते. म्हणून वीज गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या चिपमध्ये एक प्रोग्रॅम कायमचा ठेवलेला असतो. त्यास फर्मवेअर म्हणतात. वैयक्तिक संगणकांवर ते दीर्घकाळ 'बायॉस' या नावाने ओळखले गेले. आजच्या यंत्रांत तर रॅमसुद्धा आरंभी वापरण्याजोगी नसते. तिचे नियंत्रण जुळवून होईपर्यंत फर्मवेअर प्रोसेसरमधील कॅश मेमरीचाच तात्पुरता उपयोग करते. त्यानंतर ते उपकरणे सिद्ध करते, डिस्कवरून ऑपरेटिंग सिस्टीम वाचून घेते आणि यंत्राचा ताबा तिच्याकडे देते. नव्या मालकाच्या दृष्टीने सर्व स्मृती आता त्याचीच असते. परंतु फर्मवेअरचे काम तेथे संपत नाही. वीज-व्यवस्थापनाची कोष्टके, पडद्यासाठी तोडून दिलेला भाग, पुढेही चालू राहणाऱ्या काही सेवा यांना रॅममध्येच जागा लागते. ती कोणती, हे ताबा देण्यापूर्वी सांगणे म्हणजे स्मृती राखून ठेवणे होय.

या व्यवस्थेचा विकास एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. आयबीएमचा वैयक्तिक संगणक १९८१ साली बाजारात आला. त्यातील ८०८८ या प्रोसेसरला पत्त्यासाठी २० तारा होत्या. म्हणजे १०,४८,५७६ बाइट, अर्थात १०२४ किलोबाइट एवढ्याच जागांचा निर्देश करता येत असे. त्यांपैकी खालचे ६४० किलोबाइट प्रोग्रॅमांसाठी आणि वरचे ३८४ किलोबाइट पडदा, जोडपत्रे व बायॉस यांच्यासाठी, अशी वाटणी रचनाकारांनी केली. ही वाटणी आराखड्यातच ठरलेली असल्यामुळे ती दर वेळी सांगण्याची आवश्यकता नव्हती.

पुढे १९८७ साली त्याच कंपनीच्या पीएस/२ संगणकांत बायॉसला अधिक जागेची गरज भासली. वरचा प्रदेश आधीच वाटलेला होता. म्हणून खालच्या ६४० किलोबाइटांच्या अगदी टोकाचा १ किलोबाइट बायॉसने आपल्याकडे घेतला. तो कसा घेतला, हे पाहण्याजोगे आहे. षोडशमान पद्धतीने ४१३ या पत्त्यावर 'उपलब्ध स्मृती किती किलोबाइट' हा आकडा लिहिलेला असे. बायॉसने तेथे ६४० ऐवजी ६३९ लिहिले. एवढेच. कोठे कुंपण घातले नाही, की कोणती तार तोडली नाही. जो प्रोग्रॅम विचारेल त्याला ६३९ हे उत्तर मिळे आणि तो शेवटच्या किलोबाइटाकडे फिरकत नसे. जो न विचारता लिहील त्याला अडविणारे मात्र कोणी नव्हते.

या विश्वासाचा गैरवापरही झाला. डिस्कच्या आरंभीच्या भागात दडणारे त्या काळातील अनेक विषाणू हाच आकडा आणखी कमी करून सुटलेल्या जागेत स्वतःस लपवीत. त्यामुळे ६४० किलोबाइटच्या संगणकावर एकूण स्मृती ६,५५,३६० बाइटांहून कमी दिसली, तर जाणकारांस शंका येई. अर्थात केवळ तेवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नसे. कारण बायॉसने प्रामाणिकपणे घेतलेला किलोबाइटही आकडा तसाच घटवीत असे.

येथे एक छोटे गणित विद्यार्थ्यांनी करून पाहावे. आधुनिक ऑपरेटिंग सिस्टीम या संगणकांवर सामान्यतः ४ किलोबाइटांच्या पानांनी स्मृतीचा हिशेब ठेवते. ६३९ ला ४ ने भागले असता १५९ पाने पूर्ण होतात आणि ३ किलोबाइट उरतात. उरलेल्या अर्धवट पानाचे काय करावे? ते वापरास दिले तर त्यातील चौथा किलोबाइट, जो बायॉसचा आहे, तोही दिला जाईल. म्हणून मोकळा प्रदेश आतल्या बाजूस आणि राखीव प्रदेश बाहेरच्या बाजूस पूर्णांकात न्यावयाचा, असा नियम आहे. तीन किलोबाइट वाया जातात. परंतु दुसऱ्याच्या जागेवर पाऊल पडत नाही.

स्मृती वाढत गेली तसा एक आकडा अपुरा पडू लागला. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एसीपीआय विनिर्देशात 'ई८२०' या नावाने ओळखली जाणारी सेवा वर्णिलेली आहे. तीत प्रत्येक प्रदेशाचा आरंभ, लांबी आणि प्रकार अशी नोंद मिळते. प्रकारांत मोकळी व राखीव यांच्याखेरीज आणखी दोन भेद आहेत: कोष्टके वाचून झाल्यावर परत घेता येणारी जागा, आणि संगणक निद्रिस्त होऊन जागा झाला तरी जशीच्या तशी राहिली पाहिजे अशी जागा. म्हणजे 'कोठे' या प्रश्नाला 'कोठवर' या प्रश्नाची जोड मिळाली. बायॉसच्या जागी आलेल्या यूईएफआय या पद्धतीत हा काळाचा विचार अधिक काटेकोर आहे. ताबा देण्यापूर्वी ऑपरेटिंग सिस्टीमने स्मृतीचा ताजा नकाशा घेतला पाहिजे व त्याची खूण परत सादर केली पाहिजे. मध्यंतरी नकाशा बदलला असेल तर फर्मवेअर ताबा देण्यास नकार देते आणि नकाशा पुन्हा घ्यावा लागतो.

इतके करूनही नोंद राहून गेली तर काय होते? समजा, फर्मवेअरने एक पान वापरले, पण सांगितले नाही. ऑपरेटिंग सिस्टीम ते पान मोकळे समजून एखाद्या दस्तऐवजास देते. कित्येक तासांनी संगणक निद्रेतून जागा होताना फर्मवेअर तेथे चार बाइट लिहिते. दस्तऐवज बिघडतो, दोष मात्र लेखन-प्रोग्रॅमवर येतो, कारण खरा अपराधी दृष्टीआड असतो. कारण आणि परिणाम यांतील हे अंतर हीच येथील खरी अडचण. काही बायॉस स्मृतीच्या तळाशी असे न सांगता लिहितात, या अनुभवामुळे लिनक्सने एक्स-८६ संगणकांवर प्रथम तेथील ६४ किलोबाइट टाळले, आणि २०२१ पासून स्वतःच्या आरंभीच्या कामापुरता भाग घेऊन पहिले संपूर्ण १ मेगाबाइट राखून ठेवण्याचे धोरण स्वीकारले.

खरा पहारा असलेली जागाही आहे. फर्मवेअरच्या व्यवस्थापन-अवस्थेसाठी वेगळ्या काढलेल्या स्मृतीस चिपसंचाच्या द्वारे कुलूप लावता येते, आणि मग ऑपरेटिंग सिस्टीमलाही तेथे प्रवेश नसतो. परंतु हा अपवाद होय. एरवी राखीव स्मृती ही राखण असलेली जागा नसून सांगून ठेवलेली जागा आहे. म्हणून फर्मवेअर लिहिणाऱ्याने घेतलेला प्रत्येक बाइट नोंदविला पाहिजे. आणि ऑपरेटिंग सिस्टीम लिहिणाऱ्याने पहिले पान वाटण्यापूर्वी ती नोंद पूर्ण वाचली पाहिजे. या दोन कर्तव्यांपैकी एकही दुसऱ्याची उणीव पुरती भरून काढू शकत नाही.