खोक्यावरचे लिटर

कोल्हापूरहून भाच्याचा फोन आला. ख्यालीखुशाली नाही, काही नाही, थेट ‘मामा, 255 चा टाकू की 340 चा?’ टर्बो गाडीच्या नादी लागलेल्यांना हे आकडे पाठ असतात. पेट्रोलचा पंप तासाला किती लिटर ढकलतो, त्याचे ते आकडे. मीही एके काळी हाच प्रश्न चार जाणकारांना विचारला होता. चौघांनी दिलेलं उत्तर चुकीचं नव्हतं, तरी माझं इंजिन गेलं.

माझी गाडी 2005 सालची ऑक्टाव्हिया व्हीआरएस. 1.8 लिटर, टर्बो, कारखान्यातून निघाली तेव्हा 150 हॉर्सपॉवरची. जुनी म्हणून स्वस्तात मिळाली आणि मग पुढचं सगळं ओघाने आलं: एक्झॉस्ट, मोठा टर्बो, मोठे इंजेक्टर, ईसीयूचं रीमॅप. 240 हॉर्सपॉवर गाठायचे होते. इतक्याला मूळचा पंप पुरणार नाही असं सगळेच म्हणाले. 255 चा चालला असता. पण पोळ्या चार जास्तच लाटाव्यात, या घरच्या हिशोबाने मी 340 चा मागवला. पंप अस्सल होता, हेही सांगून टाकतो. नकली मालाचा धोका खराच आहे, पण माझ्या बाबतीत त्याच्यावर खापर फोडता येत नाही.

त्या दिवशी कागद-पेन्सिल घेतली असती तर? टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना एका हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण 270 ग्रॅम पेट्रोल पितं. 240 ने गुणलं की 65 किलो. पेट्रोलचा एक लिटर पाऊण किलोच्या आसपास भरतो, म्हणजे तासाला 87 लिटर. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी सात-आठ टक्के चढवा, वर आणखी वीस टक्के जपून धरा, तरी 115 च्या आतच. माझ्या टाकीत त्याच्या तिप्पट ताकदीचा पंप बसला होता.

पहिली खूण सिग्नलवर उभं असतानाच दिसली होती. पेट्रोलचा वास यायचा, इंजिन किंचित गुदमरायचं. या गाडीत पंप कायम पूर्ण वेगाने फिरतो आणि इंजिनाला नको असलेलं पेट्रोल रेग्युलेटर परतीच्या नळीने टाकीत धाडतो. मूळच्या छोट्या पंपाच्या मापाची ती वाट, तिच्यातून हा लोंढा जाणार कसा? आयडलला अडीच बारच्या आसपास असायला हवं ते प्रेशर सव्वातीनवर होतं. बॉनेट उघडून गेज लावलं, काटा पाहिला आणि मी खूश! प्रेशर जास्त, म्हणजे पेट्रोल मुबलक. पूर्ण बूस्टवर तोच काटा काय म्हणतो, हे बघायचं सुचलं नाही.

फेब्रुवारी 2024. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा चढ, तिसरा गिअर, पाय पूर्ण खाली. सार्वजनिक रस्त्यावर असं चालवणं ही चूकच होती, तिचं समर्थन नाही. डॅशबोर्डवरच्या वाइडबँड मीटरवर हवा-पेट्रोलचं प्रमाण 11.8 च्या जवळ दिसायला हवं होतं. तिथे 13 आलं, मग 13.8. सेन्सर बिघडला असेल, असं मनाशी म्हणत मी पाय तसाच ठेवला. तीन-चार सेकंद गेले असतील. पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज आला आणि आरशात निळा धूर दिसला.

गाडी फ्लॅटबेडवर लादून पुण्याला आणली. तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनची रिंगांमधली कड तुटली होती. पेट्रोल कमी पडलं, आतली उष्णता वाढली, मिश्रण वेळेआधी आपोआप भडकू लागलं आणि ते हातोडे पिस्टनने सोसले. बिल 1 लाख 80 हजार. घरी सांगितलेला आकडा वेगळा होता.

आमचे मिस्त्री मितभाषी. त्यांनी इंजिनाकडे फारसं पाहिलंच नाही. मागचं सीट उचललं, टाकीचं झाकण खोललं आणि पंपापासून झाकणापर्यंत जाणारा वीतभर रबरी पाइप माझ्या हातात ठेवला. भिजलेल्या शेवईसारखा फुगलेला, आणि क्लिपपाशी उभी चीर. बसवताना साधा पेट्रोल पाइप वापरला होता. त्याला आतून पेट्रोल आणि बाहेरून हवा अशी सवय, बाहेरूनही तो पेट्रोलमध्ये बुडाला की कुजतो. टाकीत बुडवून वापरायचा पाइप वेगळा येतो. त्यावर एसएई जे30आर10 असं छापलेलं असतं आणि तो कितीतरी महाग असतो. आयडलला चीर मिटलेली राहायची. पण बूस्टला रेग्युलेटर पेट्रोलचं प्रेशर बूस्टइतकंच वर नेतो: तीन बार मूळचे, 1.2 बूस्टचे, झाले 4.2. मग चीर उघडायची आणि पेट्रोल टाकीतल्या टाकीत फिरत राहायचं.

दुसरी गोष्ट त्यांनी मल्टिमीटरने दाखवली. नवा पाइप जोडून, पंपावर भार देऊन मोजलं, तर बॅटरीवर 13.8 व्होल्ट आणि पंपाच्या कनेक्टरवर 10.9. मोठा पंप जास्त अँपिअर ओढतो आणि वायर कारखान्याचीच, बारीक, वीस वर्षांची. पंप जितका मोठा, तितका त्याच वायरीत व्होल्टेजचा घास मोठा. खोक्यावरचे 340 लिटर हे साधारण तीन बारला आणि साडेतेरा व्होल्टला मोजलेले असतात. प्रेशर चढलं, व्होल्ट उतरले की त्यातले किती उरतात, हे कंपनीच्या आलेखात दिलेलं असतं. तो आलेख मी पंप घेताना उघडलाही नव्हता.

आता गाडीत 255 चा आहे. बॅटरीपासून फ्यूज आणि रिले घालून जाड वायर थेट पंपापर्यंत ओढली, अर्थिंगही नवं केलं. पंपाची जुनी वायर आता फक्त रिलेला इशारा देते. हा सगळा खर्च पंपाच्या निम्म्याहून कमी. रीमॅपला बसण्याआधी रेलवर प्रेशर सेन्सर लावून लॉग काढला: बूस्ट एक बार वाढला तर पेट्रोलही एक बार वाढलं पाहिजे. रेषा मध्येच वाकली तर तिथेच पाय काढायचा आणि कारण शोधायचं. टाकीचं झाकण उघडताना बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, गाडी मोकळ्या हवेत आणि अग्निशामक हाताशी. यात हयगय नको. घाटात टाकी पावपेक्षा खाली जाऊ देत नाही, कारण वळणावर पेट्रोल एका कडेला जातं आणि पंप हवा ओढतो. नवा पंप बसवताना त्याच्याभोवतीची प्लास्टिकची टोपली कापून टाकतात काही जण. ती टोपली नेमकी यासाठीच असते.

टीएसआयवाल्यांचं गणित निराळं. तिथे टाकीतला पंप फक्त पुरवठा करतो, खरं प्रेशर इंजिनावर कॅमने चालणारा दुसरा पंप तयार करतो, शेकड्याच्या घरातल्या बारचं. आमचे आकडे तिथे लावू नयेत. आणि गाडीतल्या फेरफारांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम एकदा वाचून ठेवावं. विम्याचा दावा करताना ते समोरचा माणूस आपल्याला वाचून दाखवतो.

भाच्याला मी 255 ही म्हणालो नाही आणि 340 ही नाही. ‘सध्याच्या पंपाच्या कनेक्टरवर किती व्होल्ट येतात?’ एवढंच विचारलं. तो जरा हिरमुसला. मामाने प्रश्नाला प्रश्न दिला म्हणून असेल. चार दिवसांनी मोबाइलवर मल्टिमीटरचा फोटो आला, खाली शब्द एकही नाही. मीटरवर 11.3 दिसत होते.