हार्डनर हाताळताना

आपट्याहून रसायनी-पाताळगंगा भागातील कारखान्यांत पाळीला जाणारे कामगार माझ्याकडे येतात, तेव्हा मी प्रथम विचारतो, "काय हाताळता?" काहींना 'हार्डनर' एवढेच ठाऊक असते. फायबरच्या कामातला हा हार्डनर बहुधा सेंद्रिय पेरॉक्साइड असतो. डोंबिवली एमआयडीसीत २३ मे २०२४ रोजी स्फोट झालेल्या कारखान्यातही पेरॉक्साइडेच बनत. यांच्या रेणूतच प्राणवायू असतो. ऊन लागले किंवा गंजाचा कण पडला, तरी ते आपोआप तापू लागते. आणि जितके तापते तितके अधिक वेगाने फुटते. म्हणून डबा सावलीत, थंड जागी ठेवावा. उरलेला माल परत डब्यात ओतू नये. कोबाल्टच्या अ‍ॅक्सिलरेटरशी तो थेट मिसळणे तर जिवावरचेच! सांडल्यावर आपल्याकडे सर्रास लाकडाचा भुसा टाकतात. तो पेट घेऊ शकतो. स्वच्छ, ओली वाळू वापरावी.

डोळ्यात एक थेंब उडाला तरी बुबुळ कायमचे भाजू शकते. गुलाबपाणी, दूध शोधत बसू नका. पापण्या उघड्या धरून नळाखाली निदान १५ मिनिटे डोळा धुवावा, मगच रिक्षा बोलवावी. येताना डब्यावरील नाव कागदावर उतरवून आणा. नुसत्या 'हार्डनर'वरून डॉक्टरला काही कळत नाही.