मद्याचा शिरका का होतो?

उघडे राहिलेले द्राक्षमद्य आंबते, हे मनुष्यास सहस्रावधी वर्षे ठाऊक होते. त्याचे कारण मात्र १९व्या शतकापर्यंत वादाचाच विषय राहिले. फ्रान्समधील ऑर्लेआं येथील कारागीर अर्धवट भरलेल्या लाकडी पिंपांत मद्याचा शिरका करीत आणि त्यावर धरणारी पातळ साय जपत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्या मते ही निव्वळ रासायनिक क्रिया होती, तिला सजीवांची गरज नव्हती. लीबिग यांचा अधिकार युरोपभर मान्य होता. म्हणूनच विद्यार्थ्यांनी पुढील भाग सावकाश वाचावा.

लुई पाश्चर यांनी १८६०च्या दशकात प्रयोगांनी सिद्ध केले की, ही साय सजीव आहे. तिच्यातील सूक्ष्मजीव हवेतील ऑक्सिजन घेऊन अल्कोहोलपासून ॲसेटिक आम्ल व पाणी तयार करतात. साय बुडवली की तिला ऑक्सिजन मिळत नाही आणि आंबणे थांबते. १८६७ साली त्यांनी ऑर्लेआंला जाऊन शिरका करणाऱ्यांपुढे हे विवेचन केले. साय जपावी हे त्या कारागिरांना आधीच कळले होते, याची नोंद इतिहासाने ठेवलीच पाहिजे.

मद्य टिकविण्यासाठी पाश्चर यांनी ते बंद बाटलीत सुमारे ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्याची रीत सुचविली. दुधाच्या पिशवीवरील ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द त्याच रीतीवरून आला आहे.