डावखुरं म्हणण्याआधी उजवी मूठ बघ

अगं, बाळ आतापासूनच डावखुरं आहे, खुळखुळा फक्त डाव्या हातानं धरतं, असं तू हौसेनं सांगितलंस. सासूबाईंनी घराण्यातले डावखुरे मोजायलाही घेतले असतील. पण जरा निवांत ऐक. सहा महिन्यांच्या बाळाला डावं-उजवं नसतं. कोणता हात आवडीचा, हे साधारण दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत ठरत नाही. वर्षाच्या आत एक हात सारखा मुठीत, अंगठा आत दुमडलेला आणि सगळा खेळ दुसऱ्याच हातानं, असं दिसलं तर ते बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. याच आठवड्यात. पुढच्या लसीची तारीख येईल तेव्हा बघू, असं नको.

बहुधा काही निघणार नाही. तरी सांगते, अशा हातामागे कधीकधी पक्षाघात असतो, आणि तो म्हातारपणीच होतो असं नाही. पोटातल्या बाळाला, नुकत्या जन्मलेल्या बाळालाही होतो. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात मोजलं तेव्हा साधारण 1,100 जन्मांमागे एक बाळ निघालं. रक्ताची बारीक गुठळी मेंदूच्या वाहिनीत अडकते आणि पुढचा भाग रक्तावाचून राहतो. काही बाळांना पहिल्या दोन-तीन दिवसांतच आकडी येते, एकच हात किंवा पाय ठेक्यात उडत राहतो. ती रुग्णालयातच सापडतात. बाकीची गुटगुटीत दिसतात, घरी येतात, बारसं होतं, आणि चार-सहा महिन्यांनी हातावरून संशय येतो. त्यातही हा आघात मेंदूच्या डाव्या बाजूला जास्त होतो, म्हणजे उजवा हात मागे पडतो. बाळ डावखुरं वाटतं ते म्हणून!

हे आपल्याला कळलं ते काही डॉक्टरांनी चिकाटीनं नोंदी ठेवल्या म्हणून. टोरांटोच्या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉ. गॅब्रिएल डीवेबर यांनी 1992 पासून कॅनडाभरातल्या अशा मुलांची नोंदवही उभी केली. कॅल्गरीचे डॉ. अॅडम कर्टन याच मुलांवर काम करतात. त्यांच्या गटानं आयांच्या मनातली अपराधी भावनासुद्धा अभ्यासाला घेतली, हे मला फार आवडलं. कारण आपल्याकडे काय होतं? ग्रहणात विळीला हात लावलास, पपई खाल्लीस, जिना चढलीस. सगळं आईच्या माथी. तर नीट ऐक, यातल्या कशानंही गुठळी होत नाही. पुष्कळदा नेमकं कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. आणि तान्हेपणी असा आघात झालेल्या बाळाला तो पुन्हा होण्याची शक्यता फार कमी असते.

उपाय आहे, पण तो लवकर सुरू व्हायला हवा. चांगल्या हाताला रोज थोडा वेळ मोजा घालून मागे पडलेल्या हाताला खेळात गुंतवतात. हे थेरपिस्टनं शिकवल्यावरच करायचं, व्हिडिओ बघून नाही. आणि मालीशवालीच्या हाती तर मुळीच सोपवू नकोस. खर्चाची धास्ती घेऊ नकोस. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, त्यात अंगणवाडीत तपासणी होते आणि पुढचे उपचार मोफत मिळतात. नाशिकच्या सिव्हिलमध्ये डीईआयसीची, म्हणजे लहान मुलांवर लवकर उपचार सुरू करणाऱ्या जिल्हा केंद्राची, चौकशी कर.

रजा संपून पेठच्या आश्रमशाळेत शिकवायला जाशील तेव्हा आणखी एक लक्षात ठेव. तिकडे सिकलसेल या रक्ताच्या आजाराची मुलं असतात आणि त्यांना पक्षाघाताचा धोका खूप जास्त. डॉ. रॉबर्ट अॅडम्स यांनी 1998 मध्ये दाखवून दिलं की कानशिलावर डॉपलर ठेवून मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजायचा आणि तो फार असलेल्या मुलांना ठरावीक काळानं रक्त द्यायचं. तेवढ्यानं पहिला पक्षाघात 90 टक्क्यांहून अधिक टळतो. डॉपलरच्या तपासणीत टोचणं नाही, दुखणं नाही. वर्गातल्या पोराचं तोंड अचानक वाकडं झालं, पेन हातातून गळलं, बोबडं बोलायला लागलं, तर झोपवून बघत बसू नकोस. वेळ लिहून घे आणि थेट दवाखाना.

बाळाला दाखवायला जाण्याआधी दोन्ही हातांनी खेळतानाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेव. डॉक्टरांसमोर बाळं हमखास झोपतात.