हजेरी घेताना मान वर ठेव

अगं, दहावीची वर्गशिक्षिका झालीस, फार बरं वाटलं. पैठणच्या शाळांत हयात घालवलेली तुझी मावशी पेढ्यांबरोबर दुसरं काय देणार? चार गोष्टी सांगते, तेवढ्या लक्षात ठेव.

हजेरी घेताना मान वर ठेव. मी कित्येक वर्षं कॅटलॉगमध्ये बघूनच नावं पुकारली. ‘हजर बाई’ ऐकू आलं की खूण करायची, पुढचं नाव. एका वर्षी एक मुलगा दोन महिने ‘हजर बाई’ म्हणत होता. त्याचा डबा तसाच घरी जात होता, मोत्यासारखं अक्षर बिघडलं होतं, खिडकीजवळची जागा सोडून तो शेवटच्या बाकावर गेला होता. मला यातलं काही दिसलं नाही. त्याची आजी शाळेत आली, तेव्हा कळलं. आई-बाप ऊसतोडीला गेले होते आणि घरात पोरगं बोलेनासं झालं होतं. ती चूक मला अजून टोचते.

आपल्या भागात हे ऊसतोडीला जाणं दर साली घडतं. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला कारखान्याच्या वाटेला लागतात, ती उन्हाळा लागल्यावर परततात. दहावीचं दुसरं सत्र आणि बोर्डाची परीक्षा नेमकी याच महिन्यांत. पाणी भरायचं, धाकट्यांना सांभाळायचं, आजीच्या गोळ्या आणायच्या आणि मग पुस्तक उघडायचं. अशा पोराला ‘उद्या पालकांना घेऊन ये’ म्हणू नकोस. जूनमध्येच एक वही कर. कुणाच्या घरी कोण राहतं, आई-बापाशी बोलायला कुणाचा फोन आहे, लिहून ठेव. फोन नसेल तर आठवड्यातून एकदा तुझ्या फोनवरून बोलू दे. संत एकनाथांचेही आई-वडील ते लहान असताना गेले, आजी-आजोबांनी वाढवलं. हे मी वर्गात मुद्दाम सांगत असे. आजीकडे राहणारी पोरं तेवढ्यापुरती ताठ बसायची.

एखाद्या पोराचं काही बिनसलंय असं वाटलं तर वर्गात सगळ्यांदेखत विचारू नकोस. स्टाफरूममध्ये समोर उभं केलंस तर झडती घेतल्यासारखं होतं. शाळा सुटल्यावर त्याच्याबरोबर सायकलीपर्यंत चालत जा. बरोबर चालताना मुलं लवकर बोलतात. पहिल्या दिवशी ‘काही नाही बाई’ म्हणेल. दोन दिवसांनी पुन्हा विचार. बोलायला लागलं की तू गप्प बस, आणि ‘आमच्या वेळी’ हे शब्द तर अजिबात काढू नकोस. त्याने सांगितलेलं चहाच्या वेळी बायकांत बोललीस, तर ते पोर पुन्हा कुणालाच काही सांगणार नाही.

ऑगस्ट 2006 मध्ये जायकवाडी धरणातून सोडलेलं पाणी गावात शिरलं होतं. तेव्हापासून धरणाचा नाथसागर जलाशय भरत आला की जो तो विचारतो, किती टक्के झालं? पोराचं मन किती भरलंय, हेही तितक्याच सहज विचार.

आता अवघड गोष्ट. एखादं पोर ‘मी नसलेलंच बरं’ म्हणालं, भर उन्हात बाह्या खाली ओढून हात झाकायला लागलं, आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागलं, तर सरळ विचार, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. असेल तर बोलायला वाट मिळते. अशा वेळी ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नकोस. त्याला एकटं सोडू नकोस, घरच्यांना बोलाव आणि फवारणीचं औषध त्याच दिवशी घरातून हलवायला सांग. टेली-मानस हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेव. तो ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. संभाजीनगरला घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. घरचे कचरले तर तू सोबत जा.

परीक्षा जवळ आली तरी पीटीचा तास गणिताला देऊ नकोस, कुणी कितीही मागितला तरी. फाल्गुनात नाथषष्ठीची यात्राही परीक्षेच्या आसपास येते. घरोघरी पाहुणे, दारात दिंड्या, रात्रभर भजन. गावातल्या मुलांना अभ्यासाला आणि झोपेला कोपरा मिळत नाही. त्या दिवसांत संध्याकाळी शाळेची एक खोली उघडी ठेवता येते का, ते मुख्याध्यापकांना आधीच विचार.

आणि निकालाचा दिवस. दुपारी आकडे दिसले की सगळे नव्वदवाल्यांच्या घरी धावतात. तू पहिला फोन नापास झालेल्याच्या घरी कर. पुरवणी परीक्षा थोड्याच आठवड्यांत असते, एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला जाता येतं, हे त्या घराला त्याच दुपारी कळू दे. पोराला स्वतःला फोनवर बोलाव, आणि त्याचा आवाज ऐकल्याशिवाय फोन ठेवू नकोस.